काडेपेटीवरची गौहर

हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमधून एक चक्कर मारा, दर तिसऱ्या रूममध्ये कुणाचा ना कुणाचा तरी भक्त सापडतोच. भिंतीवर पोस्टर, कपाटाच्या दाराला आतून स्टिकर, आणि एखादा टी-शर्ट असा की जो घालायचा नाही, धुवायचा नाही, नुसता घडी घालून ठेवायचा. आमच्याच विंगमधल्या एकाने मागच्या सेमिस्टरला एका कोरियन बँडच्या फोटोकार्डांचा लिमिटेड एडिशन संच मागवला आणि तो महिना वडापाववर काढला. घरच्यांना (आणि आमच्या रेक्टर सरांना) वाटतं की ही सगळी आजच्या पोरांची खुळं. मला तसं वाटत नाही. कारण माझं स्वतःचं खूळ शंभर वर्षांहून जुनं आहे आणि तिचं नाव गौहर जान.

मी जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी जमवतो. मेकॅनिकलच्या पोराने जुनं गाणं जमवावं याचं मित्रांना हसू येतं. पण खरं सांगायचं तर मी आधी यंत्राच्या प्रेमात पडलो, गाण्याच्या नंतर. आणि यंत्राच्या मागे गेलं की हिंदुस्थानात तुम्ही कुठूनही निघालात तरी गौहरच्या दारात जाऊन पोचता.

तिचा जन्म २६ जून १८७३ चा, आझमगढचा. जन्माचं नाव अँजेलिना येओवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट येओवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. आईचे वडील ब्रिटिश, आईची आई हिंदू. म्हणजे एकाच घरात किती देश! वडील पेशाने इंजिनिअर होते ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी ते ड्राय आइसच्या कारखान्यात इंजिनिअर होते असं छापलेलं आढळतं. पण मित्रांनो, ड्राय आइसचं व्यापारी उत्पादन सुरू झालं १९२० च्या दशकात. तेव्हा १८७० च्या आसपास आझमगढात असेल तो साध्या बर्फाचा कारखाना असणार. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. जर्नल आपणही असंच पूर्ण करतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आईवडिलांचं पटलं नाही. १८७९ साली घटस्फोट झाला आणि सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आई उघड्यावर आली. खुर्शीद नावाच्या एका सद्गृहस्थाच्या आधाराने मायलेकी १८८१ मध्ये बनारसला गेल्या. तिथे दोघींनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मलका जान झाली आणि अँजेलिनाची गौहर जान. मलका जान ही बाई साधी नव्हती. गायची, नाचायची आणि उर्दू शायरी करायची. १८८६ मध्ये तिचा स्वतःचा दीवान छापून निघाला. त्या काळात मलका जान नावाच्या आणखीही गायिका होत्या, त्यांत ही वयाने मोठी म्हणून हिला बडी मलका जान म्हणत.

१८८३ मध्ये दोघी कलकत्त्याला आल्या. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह तिथे मटियाबुर्जला आपला छोटासा लखनौ वसवून बसला होता. त्याच्या पदरी मलकाला जागा मिळाली, आणि काही वर्षांत तिने चितपूर रोडवर स्वतःचं घर घेतलं. गौहरच्या शिक्षणात आईने कसलीही कसर ठेवली नाही. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वजीर खाँ यांच्याकडे गाणं, लखनौच्या बिंदादीन महाराजांकडे कथक, श्रीजनबाईंकडे धृपद-धमार, चरणदासांकडे बंगाली कीर्तन. आपल्याकडे एका सेमिस्टरला सहा विषय असतात तर आपण रडतो. या मुलीचे सगळे विषय प्रॅक्टिकलचे होते आणि एक्स्टर्नल म्हणून समोर राजेरजवाडे. पहिली मैफल १८८७ साली दरभंग्याच्या दरबारात झाली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या दुसऱ्या एखाद्या गुणी तवायफेचीही असू शकली असती. पुढची नाही.

१९०२ च्या शरदात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गैसबर्ग नावाचा आपला रेकॉर्डिंग इंजिनिअर पूर्वेकडे धाडला. काम असं की हिंदुस्थान, चीन, जपान इथली गाणी तबकडीवर उतरवायची, म्हणजे तिथली माणसं ग्रामोफोन विकत घेतील. धंद्याचं गणित सरळ होतं. नोव्हेंबरात कलकत्त्याला एका हॉटेलच्या खोल्यांतच त्याने स्टुडिओ थाटला. आधी काही थिएटरमधल्या मुली गाऊन गेल्या, त्यांचे आवाज त्याला फारसे रुचले नाहीत. मग गौहर आली. गैसबर्गने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या त्यात तिच्या लवाजम्याचं वर्णन आहे. युरोपातल्या बड्या बड्या ऑपेरा गायिकांच्या मागेही एवढी माणसं नसत म्हणे. आणि दर वेळी ती नवे दागिने घालून येई, तेही त्याच्या लक्षात राहिलं. मानधन सांगतात ते एका सत्राचं ३००० रुपये. तेव्हा सोनं तोळ्याला वीसेक रुपये होतं. बाकी हिशोब कॅल्क्युलेटरवर करा.

आता जरा यंत्राचं, कारण त्याशिवाय गौहरचं मोठेपण कळणार नाही. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता, अँप्लिफायर नव्हता, वीजच नव्हती त्या प्रक्रियेत. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गाणाऱ्याने त्यात तोंड घालून जीव तोडून गायचं. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला पातळ पडदा, त्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. हवेची जी काय ऊर्जा असेल तेवढ्यावरच ती सुई मेणात नागमोडी चर कापत जाई. साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जाई. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा गायब, तंबोरा जवळपास नाहीच. मान हलवली की आवाज गेला, जवळ येऊन जोरात ओरडलं की सुई उडाली. हातवारे, अदाकारी, समोरच्याकडे बघून हसणं हे ठुमरीतलं अर्धं भांडवल तिथे शून्य किमतीचं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वेळ. दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं. चूक झाली तर खोडता येत नाही, ते मेण फुकट.

तासतासभर एकच राग मांडायची सवय असलेल्या माणसांना हे म्हणजे जयघोष करून लगेच आरती संपवण्यासारखं वाटलं असणार. अनेक मोठ्या उस्तादांनी या पेटीपुढे गायला नकार दिला. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याकडे नाही. ते कसे गायचे हे फक्त शिष्यांवरून आणि ऐकीव गोष्टींवरून कळतं. ज्यांना समाज नाकं मुरडत होता त्या बायकांनी मात्र हे यंत्र आधी ओळखलं. गौहरने त्या तीन मिनिटांचं एक डिझाइनच करून टाकलं. सुरुवातीला एक झटपट आलाप, मग बंदिश, लय वाढवत नेऊन काही चटकदार ताना आणि शेवट. विलंबित वगैरेच्या भानगडीत पडायचं नाही, पण रागाचा चेहरा मात्र पुरा दिसला पाहिजे. पुढे कित्येक वर्षं हिंदुस्थानी गायक ७८ च्या तबकडीवर याच साच्यात गात राहिले. दिलेल्या मर्यादेत बसणारं उत्तर शोधणं याला आपल्याकडे इंजिनिअरिंग म्हणतात. तिच्या वडिलांकडून आलं असेल असं मी गमतीने म्हणतो, पण त्या वडिलांनी तिला दिलं काहीच नव्हतं.

आणि शेवटी ती खास गोष्ट. गाणं संपलं की गौहर त्याच दमात इंग्रजीत आपलं नाव सांगते. सगळ्यांना तो नखरा वाटतो. नखरा होताच, पण कारण अगदी तांत्रिक होतं. मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना ना हिंदी कळे ना बंगाली. कोणती तबकडी कोणाची हे कळायला गाण्याच्या शेवटी नावाची घोषणा असली की लेबल बरोबर लागे. म्हणजे तो एक प्रकारचा पार्ट नंबर होता. गौहरने मात्र तो असा काही म्हटला की लोक रेकॉर्ड संपत आली की त्या वाक्याची वाट बघायचे.

हॅनोव्हरला त्या मेणावर विजेने तांब्याचा थर चढवून उलटा साचा काढत, त्यावरून छापे तयार करत आणि मग लाखेच्या गरम लगद्यावर दाबून तबकड्या काढत. लाख म्हणजे आपल्याच जंगलातल्या किड्यांची. इथून लाख जायची, इथूनच आवाज जायचा, आणि तिकडून तबकडी होऊन इथेच विकायला यायची! १९०३ मध्ये त्या बाजारात आल्या. एकाच बाजूला गाणं, दुसरी बाजू कोरी, आणि लेबलवर पंख पसरून लिहीत बसलेला देवदूत. कर्ण्यासमोरचा कुत्रा नंतर आला. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला आणि जर्मनीची वारी संपली.

मग जे झालं ते आजच्या कुठल्याही पॉपस्टारचं होतं तेच. १९०२ ते १९२० च्या दरम्यान तिने सहाशेच्या आसपास ध्वनिमुद्रणं केली, दहाहून जास्त भाषांत. त्या यादीत मराठीचंही नाव येतं. ख्याल, ठुमरी, दादरा, कजरी, होरी, भजन, जे मागाल ते. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तिचे फोटो. तिची चित्रं असलेली पोस्टकार्डं. आणि ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर गौहर जानचं चित्र. विचार करा, ज्या माणसाला मैफलीच्या दाराशीही कुणी उभं केलं नसतं, तो दिवसातून चार वेळा विडी पेटवताना खिशातून गौहर काढत होता. रेकॉर्ड आणि ग्रामोफोन परवडायला पैसे लागत, काडेपेटी कुणालाही परवडे. आणि गंमत अशी की आज संग्राहकांत जास्त भाव त्या काडेपेटीच्या चित्राला. काड्या संपल्या की लोक पेटी फेकून देत, म्हणून ती दुर्मिळ. जे जपून ठेवायला म्हणून विकत घेतात ते उरतं, जे वापरून फेकायचं असतं ते मौल्यवान ठरतं. आमच्या फोटोकार्डवाल्याला मी हे सांगून पाहिलं, त्याचा चेहरा पडला.

तिच्या श्रीमंतीच्या कथा तर विचारू नका. मांजरीला पिल्लं झाली म्हणून वीस हजारांची पार्टी दिली. चार घोड्यांच्या बग्गीतून फिरायला बंदी होती तर दंड भरून फिरली. दतियाच्या महाराजांनी बोलावलं तर अकरा डब्यांची खास गाडी मागितली, आणि महाराजांनी गाडी पाठवली, पण आल्यावर दिवसच्या दिवस गायलाच बोलावलं नाही. यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती हे ज्याने त्याने ठरवावं. स्टारच्या भोवती अशा गोष्टी जमतातच. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात मात्र ती पंचम जॉर्जसमोर अलाहाबादच्या जानकीबाईबरोबर गायली आणि दोघींना शंभर गिनी मिळाल्या. आणखी एक गोष्ट सांगितली जाते ती मला फार आवडते. गांधीजींनी स्वराज्य फंडासाठी तिला मदत करायला सांगितलं. ती म्हणाली की मैफल करते, पण आपण स्वतः यायला हवं. गांधीजींना जमलं नाही, त्यांनी मौलाना शौकत अलींना पाठवलं. मैफलीत २४,००० रुपये जमले. गौहरने १२,००० मोजून दिले, कारण अर्धा शब्दच पाळला गेला होता!

मुंबईशीही तिचं नातं होतं, आणि ते दुखरं होतं. पारशी रंगभूमीवरचा नट-दिग्दर्शक अमृत केशव नायक याच्यावर तिचं प्रेम बसलं. तो स्वतः गाण्यातला जाणकार होता. १९०७ मध्ये तो अचानक गेला, ऐन तिशीत. त्याच्या आदल्याच वर्षी आई मलका जानही गेली होती. म्हणजे जेव्हा तिच्या रेकॉर्डी घराघरांत वाजत होत्या तेव्हा ती बाई आतून एकटी पडलेली होती.

त्याच सुमाराला कोर्टकचेरी मागे लागली. घरात लहानाचा मोठा झालेला, दासीचा मुलगा भगलू. त्याने दावा लावला की मलका जानचा खरा वारस मी. गौहर कोण, तिचा बाप कोण, ती औरस कशावरून, हे सगळं कोर्टात सिद्ध करायची वेळ तिच्यावर आली. ज्या बापाने सहाव्या वर्षी सोडलं त्याला शोधून साक्षीला आणावं लागलं. खटला तिने जिंकला. पण मला इथे नेहमी थांबायला होतं. देशातल्या लाखो माणसांना जिचं नाव तिच्याच आवाजात पाठ होतं, तिला न्यायाधीशासमोर आपलं नाव पुराव्यानिशी शाबीत करावं लागलं.

नंतर तिचा सेक्रेटरी सय्यद गुलाम अब्बास, वयाने तिच्याहून बराच लहान, याच्याशी तिने लग्न केलं. तेही टिकलं नाही. मालमत्तेवरून पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील. कलकत्त्यातली घरं, दागिने, साठवलेला पैसा यातलं बहुतेक या भानगडींत गेलं. दरम्यान जमानाही बदलत होता. तवायफांच्या कोठ्यांवर समाजसुधारकांचा रोख होता, नव्या गायिका येत होत्या, आणि १९२५ नंतर मायक्रोफोन आला. आता कर्ण्यात तोंड घालून ओरडायची गरज उरली नाही, हळू आवाजातही गाता येऊ लागलं. तिने ज्या यंत्राला जिंकलं होतं ते यंत्रच गोदामात गेलं.

कलकत्ता सुटलं. दार्जिलिंग, मद्रास असं करत शेवटी म्हैसूर. महाराज कृष्णराज वडियार चौथे हे संगीताचे मोठे आश्रयदाते. त्यांनी ऑगस्ट १९२८ मध्ये तिला दरबारी गायिका म्हणून नेमलं, महिना ५०० रुपयांवर. ज्या बाईने पंचवीस वर्षांपूर्वी एका बैठकीचे ३००० घेतले होते तिचा हा शेवटचा पगार. तिथेही दीड वर्षच मिळालं. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरच्या इस्पितळात ती गेली. वय छप्पन.

यानंतर बरीच दशकं ती संग्राहकांपुरतीच उरली. २०१० मध्ये विक्रम संपत यांचं तिच्यावरचं इंग्रजी चरित्र आलं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या जुन्या कागदपत्रांत गौहरच्या नावाची कागदं हाती लागली आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला. (हे गृहस्थही इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, पिलानीचे. तेव्हा ब्रँच चुकली म्हणून रडणाऱ्यांनी धीर धरावा.) २६ जून २०१८ ला गूगलने तिचं डूडल केलं आणि दोन दिवस सगळ्यांना गौहर जान माहीत झाली.

माझ्याकडे तिची एकच रेकॉर्ड आहे. मुंबईच्या चोर बाजारात एका ट्रंकेत शेकडो तबकड्यांच्या तळाशी सापडली. काठाला एक टवका उडालेला, लेबलवर कुणीतरी निळ्या शाईने घातलेला नंबर, बहुतेक कुणाच्या तरी घरच्या कपाटातला क्रम. त्या माणसाने मागितले आठशे, मी दिले साडेचारशे, आणि उरलेले दोन आठवडे कॅन्टीनकडे फिरकलो नाही. लाख काचेसारखी ठिसूळ, हातातून पडली की संपलं. फुटलेल्या रेकॉर्डी वितळवून पुन्हा नव्या बनवत, त्यामुळे किती तरी गौहर दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात मिसळून गेल्या असतील. शिवाय स्टीलची पिन प्रत्येक वेळी थोडा थोडा चर खात जाते. तबकडीत मुद्दाम दगडाची पूड घातलेली असे, म्हणजे पिन घासून चराच्या आकाराची व्हावी. पण पिन बदलायचा आळस केला तर तीच चर खरवडते. म्हणजे जो चाहता ती सगळ्यात जास्त ऐकायचा त्याचीच रेकॉर्ड सगळ्यात आधी मरायची. हे वाचल्यावर माझा असा प्रश्न झाला की मी ती वाजवू की ठेवू?

कोरी ठेवलेली रेकॉर्ड म्हणजे काळं ताट. म्हणून एकदा, फक्त एकदा, नीट वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायची ठरवलं. नेहमीच्या एलपीची सुई चालत नाही, ती ७८ च्या रुंद चराच्या तळाशी लोळते. तीन मिल, म्हणजे सुमारे ०.०७५ मिलिमीटर टोकाची वेगळी सुई लागते. ती पैसे साठवून आणली. वेगाचाही घोळ आहे. नाव ७८ असलं तरी सुरुवातीच्या तबकड्या सत्तर ते ऐंशीच्या मध्ये कुठेही कापलेल्या असत. चुकीच्या वेगावर गौहर एकतर पोरगी वाटते नाहीतर पन्नाशीची. इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी स्कोप आणि एक संध्याकाळ दिली, साथीच्या हार्मोनियमच्या स्वरावरून आम्ही वेग जुळवत बसलो. शेवटी एका ठिकाणी तो आवाज माणसाचा वाटला. खरखर खूप आहे. ती मी फिल्टरने काढलेली नाही, काढली की तिच्या ताना पण पुसट होतात.

फाइल हॉस्टेलच्या लॅनवर टाकली आहे, दुसऱ्या मजल्याच्या फोल्डरमध्ये. हेडफोन लावून ऐका, आवाज थोडा कमी ठेवा. आणि शेवटपर्यंत थांबा, गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. शेवटच्या दोन सेकंदांत ती आपलं नाव सांगते.